दुकानाच्या सॉफ्टवेअरला प्रॉडक्ट की लावायची तर अशी लावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर विकणारी बरीच पोरं आहेत, कुणी वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांना सूत आणि साड्यांचा हिशेब करून देतंय, कुणी उद्यमबागच्या फाउंड्रीला स्टॉकचं काहीतरी, कुणी गूळ-काजूच्या व्यापाऱ्यांना बिलिंग. सगळ्यांचं एकच विचारणं असतं, प्रॉडक्ट की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायला टाकायचा नंबर, लावली तर कॉपी थांबेल का. ठरवून फोडायला बसलेला माणूस थांबत नाही, पण पेनड्राइव्हवरून सहज उचलून नेणारा बहुतेक वेळा थांबतो, आणि आपल्यासारख्यांचा पैसा बुडतो तो या दुसऱ्यामुळंच. हे एकदा डोक्यात बसलं की कुठं कष्ट घ्यायचे आणि कुठं सोडून द्यायचं ते आपोआप कळतं.

आपलं सॉफ्टवेअर बाहेर जातं कसं ते आधी बघा की. परदेशातला कुणी हॅकर वडगावच्या मागवाल्यांचं पॅकेज फोडायला रात्री जागत नाही, त्याला त्यात काय मिळणार. जातं ते असं, दुकानदाराचा मेहुणा चंदगडला नवीन दुकान टाकतो आणि हा फोल्डर उचलून देतो, त्याला ती चोरी वाटतच नाही, घरातलीच वस्तू घरात दिली असं वाटतंय. किंवा कॉम्प्युटर असेंबल करून देणारा एका चांगल्या चालणाऱ्या मशीनच्या हार्डडिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक पीसीवर तीच ओततो, त्यात आपलं पॅकेजपण फुकट जातं. आपली की या दोघांना अडवायला पाहिजे. तेवढं झालं तर काम झालं.

आता की म्हणजे आत नेमकं काय असतंय. सगळ्यात कच्चा प्रकार म्हणजे हिशोब जुळवणारी की. विंडोज ९५ ची रिटेल सीडी की आठवते का, पहिल्या गटात ३ आकडे आणि दुसऱ्या गटात ७, तपासणी एवढीच की पहिला गट ३३३, ४४४ असा ९९९ पर्यंतच्या ठरावीक एकसारख्या आकड्यांपैकी नसावा आणि दुसऱ्या गटातल्या ७ आकड्यांच्या बेरजेला ७ ने भाग जावा. म्हणून १११-१११११११ टाकलं तरी चालायचं, सात एकांची बेरीज सात. नेट नव्हतं तेव्हा दुकानातली खरी की आणि घरी बसून रचलेली की यात फरक करायला सॉफ्टवेअरकडं काही साधनच नव्हतं. आजही आपल्याकडं नव्वद टक्के पोरं हेच करतात म्हटलं तरी चालेल, कोडमध्ये एक फंक्शन लिहायचं, गिऱ्हाइकाच्या नावावरून काहीतरी गुणाकार-भागाकार करायचा आणि आलेला आकडा म्हणजे की. यातली गोची अशी की जे फंक्शन की तपासतं तेच की बनवतं, आणि ते फंक्शन तर आपण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनवर देऊन आलोय. व्हीबी डॉट नेट किंवा सी शार्पमध्ये लिहिलेली एक्झी, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, डीकंपाइलरमध्ये, म्हणजे तिच्यावरून कोड परत काढणाऱ्या साधनात टाकली की जवळपास मूळ कोड दिसतो, फंक्शनच्या नावासकट. ते फंक्शन उचलून की-जनरेटर करायला इंजिनिअरिंगच्या पोराला एक संध्याकाळ पुरते.

मोठ्या कंपन्यांनी मग काय केलं. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा २५ अक्षरांची की होती, आत इलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणितावरची डिजिटल सही, म्हणजे की खरीच कंपनीनं बनवलीय याचा पुरावा, वर इंटरनेट किंवा फोनवरून ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीकडून की मंजूर करून घेणं, एकूण बंदोबस्त तगडा. तरीपण बाजारात येण्याआधीच एक व्हॉल्यूम लायसन्सची की फुटली, मोठ्या कंपन्यांसाठी असलेली, जिला ॲक्टिव्हेशनच लागत नव्हतं, आणि ती एकच की जगभर फिरली. मायक्रोसॉफ्टनं पुढं सर्व्हिस पॅक १ मध्ये ती बंद केली. तेव्हा गणित कुणी फोडलं नव्हतं, एका गिऱ्हाइकाला दिलेली सवलत बाहेर गेली होती. म्हणून माझं स्पष्ट मत, सगळ्या दुकानांत चालणारी मास्टर की कधीही ठेवू नका, सर्व्हिसला जाणाऱ्या पोरासाठी सोपं पडतं म्हणूनसुद्धा नको. ती महिन्याभरात व्हॉट्सॲपवर फिरायला लागते.

आणखी एक गोष्ट त्या २५ अक्षरांतून शिकण्यासारखी आहे. २४ चिन्हं, २५ जागा, म्हणजे जेमतेम ११४ बिट माहिती मावते. माणसानं हातानं टाइप करायची म्हणून सही छोटी ठेवावी लागली, आणि छोटी सही आज कॉम्प्युटर ताकद लावून फोडू शकतो. एक्सपीच्या की-ची सही अशीच शेवटी फुटली. आज चांगली सही म्हणजे एड२५५१९ घ्या, ती ६४ बाइटची, टाइप करायच्या अक्षरांत मांडली तर शंभरच्या वर अक्षरं होतात. ती कुणी टाइप करणार नाही आणि करायला लावूपण नये. म्हणून टाइप करायची की वेगळी आणि खरं लायसन्स वेगळं ठेवा, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

म्हणजे करायचं असं. स्वतःच्या मशीनवर एकदाच चाव्यांची जोडी बनवा, एक खाजगी एक सार्वजनिक. खाजगी चावी तुमच्याकडंच, पेनड्राइव्हवर दोन कॉप्या, एक घरी एक दुसरीकडं, आणि ती एक्झीमध्ये किंवा गिटहबवर चुकूनसुद्धा जाऊ देऊ नका. सार्वजनिक चावी सॉफ्टवेअरमध्ये टाका. गिऱ्हाईक आलं की एक छोटी लायसन्स फाइल तयार करायची, त्यात दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, मशीन कोड (त्या कॉम्प्युटरच्या भागांवरून काढलेली ओळख), कुठले मॉड्यूल दिले, सपोर्ट कधीपर्यंत, आणि या सगळ्यावर खाजगी चावीनं सही. सॉफ्टवेअर सुरू होताना सार्वजनिक चावीनं सही तपासतं. आता कुणी कोड उघडून वाचला तरी त्याला नवीन लायसन्स बनवता येत नाही, कारण बनवायची चावी त्या मशीनवर नाहीच. की-जनरेटर हा प्रकार इथं संपला. यासाठी लागणाऱ्या लायब्रऱ्या जवळपास सगळ्या भाषांत फुकट मिळतात, सहीचं गणित स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका.

मग फोडणारा काय करतो, तर सहीच्या नादी लागतच नाही. शेवटी तुमच्या प्रोग्राममध्ये कुठंतरी "सही बरोबर असेल तर पुढं जा" अशी एक ओळ असतेच, आणि मशीनच्या भाषेत ती एक उडी असते, इंटेलच्या प्रोसेसरवर त्या छोट्या उडीचा कोड हेक्समध्ये ७४ आणि बरोबर उलट्या उडीचा ७५. एक बाइट बदलला की सही चुकीची असतानाच प्रोग्राम खुशाल चालतो. यावर पक्का इलाज नाही, कारण प्रोग्राम त्याच्या मशीनवर आहे आणि मशीन त्याच्या ताब्यात. तपासणी चार ठिकाणी पसरवा, काही बिल छापताना, काही रिपोर्ट काढताना, ऑब्फस्केटर, म्हणजे कोड वाचायला अवघड करणारं साधन, लावा, त्यानं फोडणाऱ्याचा वेळ वाढतो. पण यावर महिना घालवू नका, त्या महिन्यात ई-इनव्हॉइसचं मॉड्यूल नीट केलंत तर जास्त गिऱ्हाईक येईल.

त्यापेक्षा शंभरपट कामाचा उपाय आपल्या धंद्यात आयता आहे, जीएसटी नंबर. बिलावर छापलं जाणारं दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर हे सेटिंगमधून घ्यायचेच नाहीत, सही केलेल्या लायसन्स फाइलमधूनच घ्यायचे. आता मेहुण्यानं फोल्डर उचलून नेला तरी त्याच्या दुकानातून बिल बाहेर पडणार ते दाजींच्या नावानं आणि दाजींच्या नंबरनं, आणि ते कुठलाही व्यापारी चालवून घेणार नाही, त्याचं टॅक्सचं सगळं गणित दुसऱ्याच्या खात्यावर जाईल. इथं प्रोग्राम कुणाला अडवतही नाही आणि त्रासही देत नाही, फक्त ज्याचं आहे त्याचंच काम करतो.

यात सीमाभागाची एक बारकी अडचण आहे ती लक्षात घ्या. नंबर १५ अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटक २९ आणि महाराष्ट्र २७, पुढची १० अक्षरं पॅन, शेवटचं अक्षर तपासणीचं. आपल्याकडं एकाच मालकाचं दुकान निपाणीत आणि गोडाऊन कागलला असं सर्रास असतंय, पॅन एक पण नंबर दोन, आणि त्या दोघांतला माल राज्य ओलांडतो म्हणून टॅक्स आयजीएसटी लागतो. लायसन्स पूर्ण नंबरला बांधलं तर हा गिऱ्हाईक खवळतो, की धंदा माझा, पॅन माझा, दोनदा पैसे कशाला. मी म्हणतो लायसन्स पॅनला बांधा, म्हणजे मधल्या १० अक्षरांना, आणि दुसऱ्या राज्याच्या शाखेला थोडे पैसे घेऊन तो नंबर त्याच फाइलमध्ये वाढवून द्या. नंबर चुकीचा टाइप झाला तर शेवटच्या अक्षरावरून लगेच कळतं, ते तपासून मगच सही करा. पण तपासणीचं अक्षर जुळलं म्हणजे नंबर खरा असं नाही, रचलेला नंबरपण जुळतो, विंडोज ९५ च्या की-सारखंच. जीएसटी पोर्टलवर सर्च करून दुकानाचं नाव जुळतंय का बघा. ज्यांच्याकडं नंबरच नाही अशा छोट्या दुकानांना नाव, गल्ली आणि फोन नंबर फाइलमध्ये टाका आणि बिलाच्या माथ्यावर तेच येऊ द्या.

नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये छापायचं असेल तर एका ठिकाणी जपून. सही होते ती अक्षरांच्या बाइटवर, दिसण्यावर नाही. "सोयऱ्यांचे" हा शब्द घ्या, त्यातला तो आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर येतं, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे, आणि सही नापास. म्हणून गिऱ्हाइकाला नाव परत टाइप करायला लावून ते सहीशी जुळवायचा उद्योग करू नका. फाइलमध्ये जे बाइट आले तेच वाचायचे, त्यावरच सही तपासायची आणि तेच छापायचं.

आता टाइप करायच्या की-चं. गिऱ्हाईक फोनवर असतो, मागं माग खटाखट चालू, आणि तुम्ही इंग्रजी अक्षरं सांगताय. "काका, बी." "डी काय?" "नाही हो, बी, बी फॉर बेळगाव." "पी?" बी, डी, पी, टी, व्ही, जी, सी सगळी फोनवर एकच ऐकू येतात. मायक्रोसॉफ्टनं ओ आणि शून्य, आय आणि एक अशा दिसायला घोटाळा करणाऱ्या जोड्या की-मधून काढल्या होत्या, पण ऐकायला घोटाळा करणारी अक्षरं तशीच होती, फोन ॲक्टिव्हेशनला मात्र त्यांनी निव्वळ आकडे ठेवले. तुम्हीपण निव्वळ आकडेच ठेवा. ६-६ आकड्यांचे तीन-चार गट करा, प्रत्येक गटातला सहावा आकडा आधीच्या पाचांवरून काढलेला तपासणीचा आकडा. त्यासाठी व्हर्होफची पद्धत वापरा, आधारच्या शेवटच्या आकड्याला तीच आहे, एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ती शंभर टक्के पकडते, क्रेडिट कार्डवाली लूनची पद्धत ०९ चं ९० झालेलं सोडून देते. गट भरला की लगेच हिरवा-लाल दाखवा. "काका, दुसऱ्या गटात चुकलंय, तेवढा परत वाचा" एवढ्यात फोन आटपतो, नाहीतर अख्खी की परत आणि दोघांचं डोकं फिरतं.

ही आकड्यांची की म्हणजे नुसता पावती नंबर समजा, तिच्यात गुपित काही नाही, फक्त ती सलग देऊ नका, यादृच्छिक द्या, म्हणजे शेजारचा नंबर टाकून बघणाऱ्याला काही लागत नाही. की टाकली की सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरला विचारतं आणि खरी सही केलेली फाइल उतरवून घेतं. सर्व्हर नको असेल तर स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवा, त्यात पावती नंबर आणि मशीन कोड, गिऱ्हाईक फोटो काढून व्हॉट्सॲप करतो, तुम्ही फाइल परत पाठवता, तो ती फोल्डरमध्ये टाकतो. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपर्यंत हे झकास चालतंय.

मशीन कोड काढताना मात्र सावध. मदरबोर्डचा सिरियल नंबर वाचायला जाल तर स्वस्तातल्या असेंबल्ड पीसीवर तिथं नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." असं वाक्य मिळतं, कारखान्यात कुणी भरलेलंच नसतं, आणि मग दहा दुकानांचा मशीन कोड एकच येतो. विंडोजच्या रजिस्ट्रीतला मशीन जीयूआयडी (विंडोजनं मशीनला दिलेला ओळख नंबर) घेतला तर इमेज ओतलेल्या सगळ्या पीसींवर तो सारखाच असू शकतो, म्हणजे ज्या असेंबलवाल्याला अडवायचंय तोच सुटतो. नुसता नेटवर्क कार्डाचा पत्ता घेतला तर यूएसबी वायफाय काढला की सॉफ्टवेअर बंद. म्हणून चार-पाच गोष्टी घ्या, डिस्कचा सिरियल, बोर्डाचा यूयूआयडी (हाही ओळख नंबरच), प्रोसेसर, नेटवर्क, जीयूआयडी, कचरा वाटणाऱ्या किमती टाकून द्या, आणि पाचातल्या तीन जुळल्या तरी चालवा. एक्सपीनंसुद्धा १० भाग बघितले आणि त्यातले काही बदलले तर सोडून दिले. शॉर्ट सर्किटनं बोर्ड जळणं, हार्डडिस्क जाणं हे आपल्याकडच्या लाइटीत नेहमीचं आहे, तेव्हा वर्षातून एक-दोनदा मशीन बदलायची मुभा न विचारता द्या आणि तुमच्या एक्सेलमध्ये तारीख लिहून ठेवा. त्याच पावतीवर महिन्याला नवीन मशीन यायला लागलं की मग फोन करा, गोड बोलून विचारा.

प्रत्येक वेळी सुरू होताना नेटवर तपासणी करू नका, अजिबात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं नेट गेलं की कधी येईल सांगता येत नाही, आणि पैसे देऊन घेतलेल्या माणसाला काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना "इंटरनेट जोडा" असं दाखवणं हा अन्याय आहे, दुसरा शब्द नाही. सही केलेली फाइल मशीनवर आहे तेवढं पुरे. वार्षिक भाड्यानं देत असाल तर नवीन फाइल आणायला ३०-४५ दिवसांची सवड द्या. २००८ मध्ये स्पोर नावाच्या गेमला तीनच ॲक्टिव्हेशनची मर्यादा घातली होती, विकत घेतलेले लोक इतके चिडले की पुढं ती पाचवर न्यावी लागली, आणि फुकटच्या कॉप्या नेटवर धडाधड उतरवल्या जातच होत्या. त्रास झाला तो पैसे दिलेल्यांना.

मुदत तपासताना मशीनच्या घड्याळावर विसंबू नका, पण घड्याळ मागं गेलं म्हणून लगेच चोर ठरवूपण नका. मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सेल संपला की तारीख सरळ दहा-पंधरा वर्षं मागं जाते, जुन्या पीसीवर हे रोजचं. बिलिंगमध्ये सोपं आहे, शेवटच्या बिलाची तारीख डेटाबेसमध्ये असतेच, मशीनची तारीख त्याच्या मागं असेल तर तारीख दुरुस्त करायला सांगा आणि पुढं जाऊ द्या. आणि मुदत संपायची तारीख महिन्याच्या २५ च्या पुढं ठेवा. ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, १० तारखेला तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर तो माणूस तुमचं नाव गल्लीभर सांगेल आणि बरोबरच सांगेल.

बंद म्हणजे काय बंद, हेपण आधीच ठरवा. मुदत संपली तर नवीन बिल बंद करा, पण जुना लेजर बघणं, छापणं, एक्सेलमध्ये काढणं कायम चालू ठेवा. हिशेब त्याचा आहे, आपला फक्त प्रोग्राम. आणि उद्या तुम्ही बेंगळूरला किंवा पुण्याला नोकरीला गेलात, सर्व्हर बंद झाला, तर काय, याचीही सोय करून ठेवा. ॲडोबीनं सीएस२ चे, म्हणजे फोटोशॉप वगैरेंच्या जुन्या पॅकेजचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांसाठी २०१३ मध्ये ॲक्टिव्हेशन न लागणारी कॉपी आणि सिरियल नंबर वेबसाइटवर ठेवावे लागले. आपल्याला ते सोपं आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या पॅनला बांधलेली, मशीन कोड नसलेली, मुदत नसलेली फाइल पाठवून द्यायची, झालं. खाजगी चावीची दुसरी कॉपी कुठं आहे हे घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

कायद्याचं पण थोडं माहीत असावं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातल्या ६३बी कलमात माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या ६५ए मध्ये कॉपीराइट मोडायच्या हेतूनं असं संरक्षण फोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, कोड लिहिला की हक्क आला. पण तुम्हीपण कायद्यात बसा, चोरीची कॉपी दिसली की डेटा उडवणारा कोड काही जण टाकतात, तो टाकू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधला डेटा न विचारता नष्ट करणं हे आयटी कायदा २००० च्या ४३ कलमात येतं, आणि वाईट हेतूनं केलं तर ६६ कलमानं गुन्हेगार तुम्हीच.

चोरीच्या कॉपीवाला बहुतेक वेळा स्वतःच फोन करतो, काहीतरी अडलं की. बिलाच्या माथ्यावर कुणाचं नाव येतंय ते विचारा, म्हणजे कॉपी कुठून आली ते कळतं, आणि ज्याच्याकडून आली त्याला शांतपणे कळवा. फोन करणाऱ्यावर चिडू नका, तो वर्षभर तुमचंच सॉफ्टवेअर वापरून सरावलाय, त्याच्याइतकं तयार गिऱ्हाईक दुसरं मिळणार नाही. त्याला किंमत सांगा, जुन्या कॉपीतला माल, पार्ट्या आणि उधारी नवीन लायसन्समध्ये जशीच्या तशी येईल असा इम्पोर्ट तयार ठेवा, जीएसटी नंबर मागून पोर्टलवर बघा आणि त्याच्या नावाची फाइल पाठवून द्या.